ऑटवातला रब्बी

मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी आली की ऑटवातल्या नर्सऱ्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. नव्याने आलेली आपली मंडळीही तेव्हाच हौसेने टोमॅटो-मिरचीची रोपं घेऊन येतात. मग ऐन दसऱ्याच्या सुमाराला एखाद्या रात्री दव गोठतं, सकाळी झेंडू काळा पडलेला दिसतो आणि फोनवर सगळ्यांचं एकच वाक्य असतं, “संपली बाई बाग!” मला ते ऐकवत नाही. इथली खरी लावण त्यानंतर सुरू होते. थंड देशात ज्याला बाग करायची आहे, त्याने पहिलं खुरपं ऑक्टोबरात हातात घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

हवा गारठली तरी माती उन्हाळ्याची ऊब लगेच सोडत नाही. जमीन गोठायला नोव्हेंबरअखेर, कधी डिसेंबर उजाडतो. मधल्या काळात वर काहीच दिसत नाही, पण कंदाला खाली मुळं फुटत असतात. माती मात्र वापसा आल्यावरच उकरावी. ऑटवात बऱ्याच ठिकाणी भारी चिकणमाती आहे. हिमयुग ओसरताना इथे चॅम्पलेन समुद्र पसरला होता, त्याचा हा गाळ. ती ओली असताना खणली, तर वाळलेली ढेकळं वसंतापर्यंत फुटत नाहीत.

आमच्या पिढीला ट्यूलिप दाखवला ‘सिलसिला’ने. इथे आल्यावर मी एक कंद उभा चिरून पाहिला. पांढऱ्या मांसल पापुद्र्यांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याहून थोडंसंच मोठं, आख्खं फूल तयार होतं! पाकळ्या, पुंकेसर, सगळं. शरदात आपण दुकानातून कंद आणतो तेव्हा फूल आत घडलेलं असतंच. त्याला हवी असते ती थंडी, तीन-साडेतीन महिने सलग. त्या काळात कंदातल्या पिठाची साखर होते आणि दांडा उंच वाढायची तयारी होते. थंडी मिळाली नाही, तर फूल जमिनीलगतच खुरटतं किंवा येतच नाही. ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगराळ मुलखातला, त्यामुळे कडाक्याचा हिवाळा त्याच्या अंगात मुरलेला आहे.

या शहराचं ट्यूलिपशी नातं जडलं तेही आसऱ्यातून. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सची राजकन्या ज्युलियाना मुलींना घेऊन इथे राहिली. १९४३च्या जानेवारीत इथल्या सिव्हिक हॉस्पिटलमध्ये तिला मार्ग्रीट झाली. बाळाला फक्त डच नागरिकत्व मिळावं, म्हणून कॅनडा सरकारने प्रसूतीच्या खोल्या तेवढ्यापुरत्या आपल्या हद्दीबाहेरच्या ठरवल्या. युद्ध संपल्यावर, १९४५ साली, ज्युलियानाने कृतज्ञतेने एक लाख कंद पाठवले. नेदरलँड्सहून आजही दरवर्षी कंद येतात. मे महिन्यात डाउज लेकच्या काठी फुलं बघायला लोटणाऱ्या गर्दीला शरदातले माळी आठवत नाहीत. मला मात्र ते पाहायला आवडतात. गार वाऱ्यात गुडघे टेकून, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डे करत ते वाफे भरत असतात.

खारींना ट्यूलिपचे कंद फार आवडतात, म्हणून वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरायची. डॅफोडिलचा कंद विषारी, त्याच्या वाटेला त्या जात नाहीत.

पण माझा जीव खरा लसणात. जुन्नरच्या आत्याचा फोन येतो, “दसरा झाला, लसूण लावलास का गं?” तिथे आणि इथे लसूण मातीत जातो एकाच हंगामात. तिचा फाल्गुनात निघतो, माझा जुलैत. हे ऐकून ती म्हणाली, “नऊ महिने? लेकराएवढे दिवस घेतोय की तुझा लसूण!” घेतो खरा. पण थंडी सोसल्याशिवाय इथल्या वाणाचा गड्डा पाकळ्यांनी भरतच नाही. टोक वर करून पाकळ्या वीतभर अंतरावर लावायच्या आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा. नाहीतर माती गोठते, सुटते, पुन्हा गोठते आणि पाकळ्या वर ढकलल्या जातात. शेजारी झाडलेली मेपलची पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात. मी रीतसर विचारून त्या उचलून आणते. पुढे वर बर्फ साठलं की जिवाला घोर नाही. बाहेर उणे पंचवीस असलं तरी बर्फाच्या जाड थराखाली माती शून्याच्या आसपासच राहते. पिकाला भीती असते ती कमी बर्फाच्या हिवाळ्याची.

जुलैत काढलेला लसूण सावलीत वाळवला की त्यातले थोराड गड्डे मी बियाण्याला बाजूला ठेवते. नव्याने आलेल्या ओळखीच्या घरी त्यातला एक नेऊन देते आणि बजावते, हा फोडणीत टाकायचा नाही. थँक्सगिव्हिंगपर्यंत कोरड्या जागी ठेवा, मग पाकळ्या सोडवून लावा. बाल्कनीतली कुंडी नको, ती चारी बाजूंनी गोठते; अंगण नसेल तर माझ्या वाफ्यात दोन ओळी तुमच्या. आणि उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. खुरपं मातीत शिरतंय तोवर नोव्हेंबरातही लावता येतो.