धनाजीराव वाकड्यांची लेकरं

‘धूमधडाका’मधल्या धनाजीराव वाकड्यांना तीन मुलं, दोन मुली आणि एक मुलगा. घरात पैशाला तोटा नाही, पण तिघांच्याही हाती स्वतःचं म्हणावं असं काही नाही, कारण तिजोरी बापाच्या ताब्यात. मुलींना मनासारखा नवरा हवाय, मुलाला सिनेमा काढायचाय. १९८५ साली महेश कोठारे यांनी दिग्दर्शक म्हणून केलेला हा पहिला चित्रपट. गोष्ट मूळची तमिळ, श्रीधर यांच्या १९६४च्या ‘काधलिक्क नेरमिल्लै’ची. हिंदीत ती १९६६मध्ये ‘प्यार किये जा’ होऊन आली. ती मराठीत आली तेव्हा मात्र अशी मुरली, की तिचं मूळ गाव कुणी विचारलंच नाही.

बापाला जावई हवा तो बड्या घरचा. मुलीवर जीव जडलेल्या पोराकडे तर काहीच नाही. मग तो मित्रालाच आपला श्रीमंत बाप करून आणतो. अशोक सराफ कोट चढवतात, पाइप ओढतात, मध्येच ठसका लागतो, आणि त्या ठसक्यातून यदुनाथ जवळकर नावाचा उद्योगपती उभा राहतो. धनाजीरावांना एका क्षणाचाही संशय येत नाही. शरद तळवलकरांचा चेहरा इथे बघावा. समोरचा आपल्याहून मोठा आहे हे कळताच डोळे बारीक होतात, मान जरा खाली येते, आवाजात लोणी उतरतं. माणूस कसा फसतो हे त्यांनी नुसत्या चेहऱ्याने आणि आवाजाने दाखवलंय.

आमच्या सवला हा सिनेमा व्हीसीआरवर आला, गणपतीत. सव म्हणजे महाडजवळचं, सावित्रीच्या काठचं गाव. जमिनीतून गरम पाणी येतं, म्हणून अंग दुखणारे, खरूज झालेले लांबून तिथं अंघोळीला येतात. त्या काळी चाकरमानी मुंबईहून उतरले की वर्गणी काढायची, महाडहून भाड्याने टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणायच्या, आणि अंगणात रात्र जागवायची. पहिली कॅसेट देवाची, दुसरी मारामारीची, आणि पोरं पेंगायला लागली की तिसरी हसायची.

त्या वर्षांत गावी आलेले सगळेच चाकरमानी रजेवर आलेले नव्हते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. महाड-पोलादपूरकडची कितीतरी घरं गिरणीच्या पगारावर उभी होती. माझे थोरले काका त्यातलेच. मुंबईची खोली सोडून ते भाताच्या खाचरात परतले होते. गौरीला आलेली आत्या त्यांच्या शेजारी बसली होती, पदराआड चण्याची पुडी धरून. यदुनाथ जवळकर पाइप ओढू लागले तशी ती काकांकडे वळली.

“दादा, येवढा पैका हाय, आनि म्हाताऱ्याला समजत कसं न्हाय रं?”

“पैका हाय म्हनून तर, बाय. दुसऱ्याकडं बघताना त्याला पैकाच दिसतो.”

असं म्हणून काका हसले. पगार बंद झाल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

त्यात मत्सर नव्हता, हे मला ठासून सांगायचंय. वाकड्यांचा बंगला बघून तो आपला असावा असं अंगणात कुणाला वाटलं असेल, असं मला वाटत नाही. त्या बंगल्यातली भावंडं आपली वाटली. बापाला चुकवून बहिणींची चाललेली कुजबूज ओळखीची होती. आणि लक्ष्या! लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेला हा श्रीमंताचा मुलगा खिशाने आमच्याइतकाच रिकामा. बापाला भुताची गोष्ट सांगतो तो प्रसंग घ्या. ना भूत दिसतं ना रक्त. नुसता तोंडाने दार करकरवतो, पावलं वाजवतो, आणि समोरचे धनाजीराव खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसत जातात. सिनेमासाठी एक पैसा न सोडणारा बाप मुलाच्या सिनेमाचा पहिला प्रेक्षक होतो, तोही फुकटात. तमिळमध्ये नागेश यांनी आणि हिंदीत मेहमूद यांनी हा प्रसंग उत्तमच केला. बेर्डे यांच्यात मात्र बापाकडून शाबासकी मिळावी अशी आस आहे, म्हणून माझं मन त्यांच्यापाशी थांबतं.

श्रीमंत घरातल्या भावंडांचे असे खुळे, धावते प्रेमपट जगभर टंचाईच्या दिवसांत फुललेले दिसतात. अमेरिकेत मंदी होती तेव्हा, १९३६ला, ‘माय मॅन गॉडफ्री’ आला. त्यात दोन धनाढ्य बहिणी गंमत म्हणून, पैजेखातर, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर राहणारा माणूस शोधायला जातात, आणि तोच पुढे त्यांच्या घरचा बटलर होतो. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतर रेशनिंग १९५२पर्यंत चाललं. त्याच भुकेच्या वर्षांत, १९४४ला, हुआन दे ओर्दुन्या यांनी ‘एया, एल इ सुस मियोनेस’ काढला. ती, तो आणि त्याचे लाखो, असं ते नाव. त्यात एका धनवंताला खानदानी नाव हवं असतं, म्हणून तो तिजोरी रिकामी झालेल्या ड्यूकच्या घरात लग्न जुळवतो.

हा स्पॅनिश सिनेमा सवच्या अंगणात दाखवावा अशी माझी फार इच्छा आहे. शेजारी बसून समजावायला फारसं काही लागणार नाही. इथे पैसा खरा आहे आणि नाव विकत घ्यायचंय, जवळकरांकडे दोन्ही खोटं होतं, एवढं सांगितलं की झालं. पुढचं आत्या सांगेल. ड्यूकच्या लेकी पडद्यावर येऊन कुजबुजायला लागल्या की तिला विचारावंच लागणार नाही.