शास्त्रज्ञाचें घर

थोर पुरुषांचीं घरें जतन करावीं, हें मत आतां कोणास नवें राहिलेलें नाहीं. राजवाडे, कवींचीं जन्मस्थानें, देशभक्तांच्या खोल्या पाहावयास लोक मुलाबाळांसह जातात. परंतु शास्त्रज्ञाच्या घराची गोष्ट थोडी निराळी आहे. योद्ध्याची तलवार भिंतीवर टांगली कीं ती आपली कथा आपणच सांगते; शास्त्रज्ञाची वही कांचेच्या पेटींत ठेवली तर ती मुकी होते. तिच्यांतील विषय जाणणारा कोणी तेथें नसेल, तर ती वही आणि वाण्याची चोपडी यांत प्रेक्षकास फारसा फरक दिसावयाचा नाहीं. म्हणून अशा घराचें काय करावें, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं.

माझें लक्ष या प्रश्नाकडे वळलें तें माझ्या नातीमुळें. आम्ही पवईस तलावाजवळ राहतों. नात स्थापत्यविद्येच्या शेवटच्या वर्षांत आहे. एका शास्त्रज्ञाचें वडिलोपार्जित घर कल्पून त्याच्याभोंवतीं वस्तुसंग्रहालय व संशोधनमंदिर यांचा आराखडा करावयाचा, असा विषय तिनें घेतला आणि कोंकणांतील एक कौलारू चौपाखी घर नमुन्यास धरलें. पहिल्या नकाशांत मूळ घर मध्यभागीं, त्यावर कांचेचें छत, आंत दिव्यांचा लखलखाट, आणि संशोधनासाठीं मागच्या कोपऱ्यांत चार खोल्या. मीं विचारलें, "येथें अभ्यास कोण करणार?" ती म्हणाली, "आजोबा, लोक घर पाहायला येणार ना!" यावरून आमचा पंधरा दिवस वाद चालला. त्या वादांतून जें निष्पन्न झालें तें वाचकांपुढें ठेवतों.

तिचा पक्ष दुबळा नव्हता. मलबार हिलवर डॉ. होमी भाभा यांच्या कुटुंबाचा 'मेहरानगीर' हा बंगला होता. डॉ. भाभा १९६६ सालीं विमान-अपघातांत गेले. पुढें त्यांचे बंधु जमशेद भाभा तेथें राहत. २००७ सालीं तेहि निवर्तले, आणि २०१४ सालीं तो बंगला लिलावांत ३७२ कोटि रुपयांस विकला गेला. तेथें स्मारक व्हावें म्हणून अणुशक्ति खात्यांतील कांहीं कर्मचारी न्यायालयापर्यंत गेले. तरीहि २०१६ सालीं घर पाडलें गेलें. "घर गेलें म्हणजे सारेंच गेलें," असें नातीचें म्हणणें.

त्यावर मीं तिला दुसऱ्या एका बंगल्याची आठवण दिली. टाटा मूलभूत संशोधनसंस्था १९४५ सालीं बंगलोरहून मुंबईस आली, तेव्हां तिला स्वतःची इमारत नव्हती. पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' हा भाभांच्या आप्तांचा बंगला; त्याच्या एका भागांत संस्थेचें काम सुरू झालें. १९४९ सालीं ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबांत गेली, आणि १९६२ सालीं कुलाब्याच्या तिच्या नव्या वास्तूचें उद्घाटन झालें. घर मागें राहिलें, विद्या पुढें गेली. भाभांचे कागद आजहि त्या संस्थेच्या अभिलेखागारांत अभ्यासकांस पाहावयास मिळतात.

दोन्ही गोष्टी साधल्याचें उदाहरण दक्षिणेंत आहे. कुंभकोणम् येथें सारंगपाणि देवालयासमोरील रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन् यांचें लहानसें घर आहे. 'शास्त्र' विद्यापीठानें २००३ सालीं तें घेऊन जतन केलें. परंतु तेवढ्यावर न थांबतां २००५ सालापासून ३२ वर्षांपर्यंतच्या गणितज्ञांस रामानुजन् यांच्या नांवें पारितोषिक देण्याचा उपक्रम चालविला. ३२ च कां? कारण रामानुजन् यांस आयुष्यच तेवढें लाभलें. एका अरुंद घराला जगांतील तरुण गणितज्ञांचा असा संबंध जोडून दिल्यामुळें तें घर मुकें राहिलें नाहीं.

परंतु याहून जुना आदर्श आपल्या महाराष्ट्रांतच आहे. चाळीसगांवाजवळील पाटण येथें देवीच्या देवळांत एक शिलालेख आहे. गेल्याच्या मागील शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो विद्वानांपुढें आणला. शके ११२८ च्या या लेखांत भास्कराचार्यांच्या वंशाचें वर्णन आहे. त्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें पाटण येथें मठ स्थापिला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून मठाच्या खर्चासाठीं बाजारांतील मालावर काय घ्यावें, घाण्यामागें तेल किती द्यावें, हें त्यांत नेमून दिलें आहे. नातवानें आजोबांचा पुतळा उभारला नाहीं. दिव्याला तेल कोठून येईल याची व्यवस्था केली! आज तो मठ उरला नाहीं. भास्कराचार्यांचें विज्जडविड गांव नेमकें कोणतें, याविषयींहि विद्वानांत मतभेद आहेत. तरी 'लीलावती'चें अध्ययन चालूच आहे. येथें पवईसच, १९५८ सालीं सुरू झालेल्या आय. आय. टी. मध्यें, संस्कृतांतील गणित-ज्योतिषाचे ग्रंथ अभ्यासणारे विद्वान् आहेत.

हें ऐकल्यावर नातीनें नकाशा पालटला. मूळ घराला हात लावावयाचा नाहीं. केवळ वांसे, कौलें आणि पाया दुरुस्त करावयाचा. ओटीवर शास्त्रज्ञाचा परिचय. माजघर जसें होतें तसें, जातें-उखळासह. मध्यरात्रीं दिव्यापाशीं बसणाऱ्याचा सकाळचा संसार कोणी तरी सांभाळीत होतें, हें पाहणाऱ्यास तेथें कळावें. हस्तलिखितें मात्र जुन्या घरांत ठेवावयाचीं नाहींत. कोंकणांतला पावसाळा आणि वाळवी हीं कागदाचीं वैरी. शिवाय तीव्र प्रकाशानें शाई विटते. म्हणून कांचेचें छत गेलें. घरांत प्रतिकृति मांडावयाच्या. मूळ कागद अंगणापलीकडील नव्या इमारतींत, अंधाऱ्या आणि दमटपणा आवरलेल्या खोलींत. नवी इमारत जुन्या कौलांहून उंच नाहीं, आणि अभ्यासकांचें दार प्रेक्षकांच्या दारापासून निराळें, म्हणजे गलक्यानें वाचन मोडणार नाहीं.

मधलें अंगण मुलांसाठीं. तेथें बारा अंगुळांचा शंकु रोंवावा, असें मीं सुचविलें. आमच्या पवईस विषुवदिनीं माध्यान्हीं त्याची छाया चार अंगुळांहून किंचित् अधिक पडते. छाया स्वतः मोजून आपल्या गांवाचे अक्षांश काढणारें मूल तें घर विसरणार नाहीं. शेवटीं मीं विचारलें, "तेलाचें काय?" तिनें हंसून आराखड्यास एक पान जोडलें: अभ्यासकांस राहावयास सहा खोल्या, त्यांचें भाडें, आणि कायम निधि.

हा विचार केवळ मोठ्या नांवांपुरता नाहीं. एका ज्योतिर्विदांच्या घरीं मीं लहानपणीं पोथ्यांचे रुमाल पाहिले होते. चाळीस वर्षांनीं गेलों, तों घर उत्तम रंगविलेलें, परंतु माळा रिकामा. पोथ्या वाळवीनें खाल्ल्या, उरल्या त्या रद्दींत गेल्या, असें कळलें. घर होतें, पण त्या घराची विद्या गेली होती.

आपल्या एकत्र कुटुंबांतून असे माळे अजून कांहीं आहेत. वैद्यकाचीं टिपणें, पंचांगाचीं गणितें, एखाद्या प्राध्यापक काकांच्या प्रयोगवह्या तेथें पडून असतात. वाडा राखणें सर्वांस शक्य नसतें. भाऊबंदांचे वांटे होतात, मुलें परदेशीं जातात, जुनी वास्तु विकावी लागते. त्यांत दोष मानूं नये. परंतु विक्रीच्या कागदावर सही होण्यापूर्वीं माळ्यावरील रुमाल खालीं उतरवावे, कुटुंबांतील जाणत्यांनीं बसून त्यांची यादी करावी, आणि घरीं वाचणारा कोणी नसेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थेस विचारावें. एवढें एक सुटीचें काम आहे. घर विकल्यावर त्याची किंमत हातीं येते. रद्दींत गेलेली वही मात्र कोणत्याहि किमतीस परत मिळत नाहीं.