वाघळांचें बिऱ्हाड

आमच्या घरासमोरच्या उंबरावर वाघळांचें एक जुनें बिऱ्हाड आहे. दिवसभर तीं उलटीं लोंबकळत असतात. दिवेलागणीला एकेक करून तेलंगखेडीच्या तळ्याकडे निघून जातात. वीस वर्षांत मीं त्यांची कधीं चौकशी केली नव्हती. मात्र 2021 सालीं तें झाड तोडण्यासाठीं शेजाऱ्यांनीं जो अर्ज केला, त्याचा मसुदा माझ्या हातचा होता. प्राध्यापकाच्या लेखणीला असले मान आपोआप मिळतात!

निमित्त झालें वृत्तपत्रांतील एका बातमीचें. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं मार्च 2020 मध्यें महाबळेश्वरच्या एका गुहेंत बारीक जाळीं लावून वाघळें पकडलीं, त्यांचें रक्त आणि घशांतील स्राव तपासले, आणि कांहींच्या रक्तांत निपाह विषाणूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें सांपडलीं. कोरोनानें आधींच धास्तावलेल्या आमच्या आळीला एवढें पुरे झालें.

"अहो, त्यांनीं तुमचें काय वाईट केलें?" मी सही करीत असतांना पत्नीनें विचारलें. उत्तर सुचेना, म्हणून वाचूं लागलों. कळलें तें असें: वाघूळ असले विषाणु अंगीं बाळगूनही बहुधा आजारी पडत नाहीं. केरळांत 2018 सालीं निपाहनें बळी घेतले. परंतु महाराष्ट्रांत तोंवर एकाही माणसाला तो झाल्याची नोंद नव्हती. गुहेंतली ती पाहणी गुन्हेगार पकडण्यासाठीं नव्हती. संकटाची वाट आधींच ओळखून ठेवण्यासाठीं होती. शिवाय झाड तोडलें म्हणून वाघळें नाहींशीं होत नाहींत. तीं दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणांत जातात.

वाचतां वाचतां आणखी एक नांव पुढें आलें आणि मी थबकलों. 1965 सालीं नागपुरांतील तापाच्या रुग्णांच्या रक्तांत पुण्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणु सांपडला होता. त्याला येथल्याच एका वस्तीचें नांव मिळालें: चांदिपुरा. वाळूमाशीच्या दंशानें पसरणाऱ्या या विषाणूनें 2003 सालीं आंध्र प्रदेशांत अनेक मुलांचा जीव घेतला. म्हणून नागपूरकरांना हुसकून लावा, असा अर्ज कोणीं केल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळींच मी अर्ज परत मागितला. मसुदा माझा, तेव्हां तो मागें घेण्याची लाजही मलाच सोसणें भाग होतें. समोरचे गृहस्थ तेव्हांपासून माझ्याशीं फारसे बोलत नाहींत. उंबर उभा आहे. परसांतला पक्ष्यांनीं किंवा वाघळांनीं उष्टावलेला पेरू मात्र आम्ही आतां उचलून खात नाहीं. शेजारधर्म पाळावा, पण एका ताटांत जेवूं नये, एवढेंच.