मालवण बरे की मुंबई?

चतुर्थीला चाकरमानी आले की आमच्या पडवीत हा वाद ठरलेला. मुंबईकर धाकट्या भावाचे मत असे की, मालवणात सुट्टीपुरते यावे, राहू नये. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली, पण ती कुडाळवरून जाते. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये झाला. पण रात्री छातीत दुखू लागले तर गोव्यातले बांबोळीच गाठायचे ना?

मी समुद्रातला सिंधुदुर्ग दाखवतो, ताज्या बांगड्यांचा महिमा सांगतो. "शिवाय शेजारी न बोलावता धावून येतो!"

"आणि न बोलावताच सगळे विचारून जातो," ही सौभाग्यवतींची माजघरातून पुस्ती.

यंदा मात्र माझा आवाज चढेना. जूनमध्येच मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. 'इथे राहून काय करणार?' असे मीच त्याला म्हणालो होतो.

निघताना भाऊ पायरीवर घुटमळला. इतका वेळ शुद्ध बोलणारा तो हळूच म्हणाला, "दादा, मागची खोली पर्यटकांका देऊ नको. रिटायर झाल्यावर येतलंय."

मी मान डोलावली. बांबोळीचे नाव या वेळी दोघांनीही काढले नाही.