सरळ अर्थ

वर्गात कोणी उशिरा आले की मी म्हणतो, "या साहेब, फार लवकर आलात!" सगळे हसतात. त्या मुलालाही समजते, कारण माझ्या भुवया वर गेलेल्या असतात आणि सूर लांबलेला असतो. आपण उर्दूत ज्याला तंज म्हणतो, त्यालाच मराठीत उपरोध म्हणतात. माझी ही जुनी सवय आहे.

दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने आठवडाभर गृहपाठ आणला नाही. रागाच्या भरात मी त्याच्या आईच्या मोबाईलवर निरोप पाठवला, "वा! आठ दिवस गृहपाठ नाही. मुलाने शाळेचे नाव काढले. आता त्याला घरी आराम करू द्या."

तिसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. हातात शेवयांच्या खिरीचा डबा होता. माझा निरोप पाचवीतल्या धाकट्या मुलीने अक्षर लावत वाचून दाखवला होता. आठ दिवस गृहपाठ माफ, मुलाने नाव काढले आणि सरांनी सुटी दिली, असा अर्थ घरात लागला. शेजारीही खीर वाटून झाली होती.

"सर, बक्षीस कशाचे मिळाले?" त्यांनी विचारले. मुलगा मागे उभा राहून जमिनीकडे पाहत होता. त्याला सगळे ठाऊक होते.

मी लिहिले तेच त्यांनी वाचले होते. भुवया आणि सूर मोबाईलवरून जात नाहीत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली असेच घडले. लिफ्ट पाऱ्याने दूषित झाल्याचा विनोद संगणकाच्या सूचनाफलकावर आला आणि काहींना तो खरा वाटला. तेव्हा स्कॉट फालमन यांनी सुचवले की, विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस काढावा. मान वाकडी करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो! पण मला कुठे विनोद करायचा होता? मला टोचायचे होते.

"आपा, चूक माझी आहे," म्हणून मी खरे ते सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. डबा मात्र त्या ठेवून गेल्या.

संध्याकाळी मी नवा निरोप लिहिला, "मुलाला उद्या पाठवा. राहिलेला अभ्यास मी करून घेईन. खीर छान होती." शेवटच्या वाक्यावर अडलो. हाही तंज वाटला तर? 'खरोखर' हा शब्द घातला, मग तोही पुसला.

दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, त्यात खजूर भरून मुलाच्या हाती दिला.