पाटणादेवीला तंबू टाकण्याआधी

चाळीसगाव

चि. भाचेबुवांस,


मित्रांसोबत पाटणादेवीला तंबू टाकायचा तुझा बेत ताईने फोनवर सांगितला. पावसात जमलं तर धबधबा, नाहीतर दिवाळीनंतर भरीत पार्टी. ताई काळजीत आहे आणि तुझं उत्तर एकच, की चाळीसगाव तिथून जेमतेम १८ किलोमीटर. शहर जवळ आहे या भरवशावरच माणसं रानात गाफील राहतात.

३० ऑगस्ट २०२१ ची रात्र चाळीसगावकर विसरलेले नाहीत. पाटणादेवीच्या डोंगरांत पाऊस कोसळला आणि ३१ च्या पहाटे डोंगरी आणि तितूर या दोन्ही नद्या एकदम फुगल्या. बाजारपेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं, शेकडो जनावरं दगावली. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता बंद पडला. पक्क्या घरात झोपलेल्यांची ही गत झाली, तर नदीकाठच्या तंबूचं काय झालं असतं?

डोंगरातल्या नदीला पूर यायला डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. वरच्या अंगाला पडला तरी पुरे. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहू लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, की सामान तिथेच टाकून उंचावर जायचं. पात्रातली सपाट वाळू तंबूला फार मोहाची जागा असते, पण ती तशी सपाट केली आहे पुरानेच. काठच्या झुडपांत गवत-कचरा कुठवर अडकलाय ते बघावं आणि त्याच्याही बरंच वर मुक्काम करावा.

आता कायद्याचं. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला आणि राहायला परवानगी लागते. आग लावणं हा तर सरळ गुन्हा. म्हणजे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ती कुणाच्या तरी मळ्यात. हा नियम उगाच नाही. दिवाळीनंतर गौताळ्यातलं काय नि धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणातलं काय, गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. तामिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला ट्रेकला गेलेली मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. वारा असला की वणवा चढावर माणसापेक्षा जोरात पळतो.

थंडीही कमी लेखू नये. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या खान्देशात डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. मग कुणीतरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेतं आणि चेन लावून झोपतं. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. झोपलेला माणूस झोपेतच जातो. एक जास्तीचं घोंगडं न्यावं, शेगडी बाहेरच राहू द्यावी.

साप म्हटलं की नाग आठवतो, पण जमिनीवर झोपणाऱ्याला खरी भीती मण्यारीची. ती रात्री फिरते, आणि तिचा दंश बरेचदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. म्हणून तंबूची चेन कायम बंद आणि लघवीला उठताना हातात बॅटरी, पायात बूट. दंश झालाच तर कापाकापी नाही, दोरी आवळणं नाही, भगताकडे नेणं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना. सर्पदंशावरची लस कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, हे निघण्याआधी विचारून ठेवायचं.

बिबट्याबद्दलही तू हसलास म्हणे. २०१७ मध्ये याच तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात कापूस वेचणीच्या दिवसांत नरभक्षक बिबट्याने बळी घेतले. शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. असे बिबटे विरळाच. एरवी गावाजवळ तो येतो कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात खरकट्यासाठी. त्यामुळे उरलेलं मटण तंबूमागे टाकलं, की आपणच त्याला वाट दाखवली. अंधार पडल्यावर एकट्याने झाडीत जाऊ नये, वाकून बसू नये.

रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, वन विभागाला १९२६. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेव, आणि दरीत मोबाईलला रेंज कुठे मिळते ते उजेडीच बघून ठेव. जवळच्या गावच्या पोलीस पाटलाला भेटून किती जण, कुठे, कधीपर्यंत ते सांग आणि त्यांचा नंबर ताईला दे.

पावसातला बेत मात्र रद्द समज. धबधबा दिवसा बघून संध्याकाळी घरी जेवायला या. दिवाळीनंतर आपल्या मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला तीन तंबू सहज मावतील. वांगी, काड्या, कळण्याच्या भाकरी ही माझी जबाबदारी. किती जण येताय तेवढं कळव, म्हणजे मामीला दळणाचा अंदाज येईल.

तुझा,
मामा