ओसरीवरचं तोरण

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या ओसरीवरचा पंखा बंद होतो. तेवढ्यावरून घरातली माणसं ओळखतात, की हिनं कात्री हातात घेतली. पतंगी कागद इतका हलका, की जराशा वाऱ्यानं घडी उलगडते, आणि आठ पदरी घडी एकदा सरकली की नक्षी गेलीच. घामानं पदर भिजला तरी चालेल, पण पंखा नको.

पहाटे पाचला गाईंची धार, डेअरीला दूध, मग भाकरी, रानात डबा, धुणं, भांडी. एवढ्यातून जे दोन तास उरतात ते माझे. चाळीस वर्षं होऊन गेली, हे दोन तास मी कुणाला दिले नाहीत. पाटसमध्ये आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर लग्न निघालं, की रुखवताचं कागदकाम माझ्याकडं येतं. गणपतीला मखराची जाळी, दिवाळीला कंदील, पोळ्याला बैलांची बाशिंगं. आता दावणीला बैल फार राहिले नाहीत. एका पोळ्याला एक पोरगा आला नि म्हणाला, “काकू, ट्रॅक्टरला बाशिंग पायजे.” मी म्हटलं, “आधी त्याच्या कपाळाचं माप आण.” पठ्ठ्या खरंच सुतळीनं माप घेऊन आला.

हे सगळं मी शिकले ते आमच्या आत्याबाईंकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून. पण सरळ शिकले असं म्हणता येणार नाही.

1979 साली मी लग्न होऊन पाटसला आले. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं होतं आणि त्याचा राग आत्याबाईंनी मनात धरला होता. कामापुरतं बोलायच्या. “चूल पेटीव.” “पाणी आण.” त्यापलीकडं शब्द नाही. मी माजघरात भांडी घासत रडायची आणि त्या ओसरीवर कागद कापत बसायच्या.

ज्येष्ठातली एक दुपार. त्यांनी आतल्या बाजूला न बघताच हाक मारली, “आगं, हिकडं ये. ह्ये धर. हलवू नको.” मी घडीचं टोक चिमटीत धरलं. कात्री चालू झाली. तास दीड तास आम्ही दोघी अशा बसलो, की एकीचे गुडघे दुसरीला लागत होते. बोलणं काहीच झालं नाही. तरी त्या दिवसापासून मी माजघरात रडायची थांबले.

तीन वर्षं मी नुसता कागद धरला. धरता धरता बघत गेले. कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. आतली बारीक नक्षी आधी कापायची, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी कापली तर धरायला जागाच उरत नाही. आणि प्रत्येक फुलाला, पानाला कुठंतरी सांधा सोडायचा. नवशिकी बाई हौसेनं कापत सुटते आणि घडी उघडली की नक्षीचे तुकडे मांडीवर पडतात. माझे कितीदा पडले! आत्याबाई हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. दुसरा कागद पुढं सरकवायच्या.

त्यांच्या तरुणपणी कागद विकत आणणं परवडत नव्हतं. पोरांच्या जुन्या वह्या, चहाच्या पुड्याची चांदी, कुणाच्या लग्नातल्या उरलेल्या पताका यावर भागायचं. मी आल्यावर वर्षातून दोनदा पाटस स्टेशनवरून शटलनं पुण्याला जाऊ लागले. रविवार पेठेत, बोहरी आळीतून घोटीव कागद आणि पतंगी कागदाचे दस्ते आणायचे. खळ मात्र घरचीच, मैद्याची. कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. ते विषारी, म्हणून त्याची पुडी आढ्याला टांगलेली असायची.

“कागद कापून पोट भरतं व्हय?” असं आमच्या मालकांनी पहिली काही वर्षं विचारलं. पुढं एका दिवाळीला कंदिलाच्या पैशातून पोराची फी भरली, तेव्हापासून कागद ते स्वतः पिशवीत घालून आणू लागले. मधे थर्माकोल आणि प्लॅस्टिक आलं, तेव्हा माझं काम निम्म्यावर गेलं. 2018 ला सरकारनं त्यावर बंदी घातली तशी काही गिऱ्हाइकं परत आली, काही नाही आली.

पण आत्याबाईंचं मुख्य काम पैशाचं नव्हतंच. ते होतं पालखीचं तोरण.

तुकोबांची पालखी देहूहून निघते, पुण्याहून पुढं यवतला पिठलं-भाकरी खाते, वरवंडला मुक्काम करते, आणि दुसऱ्या दिवशी पाटसला विसावा घेऊन रोटीच्या घाटाला लागते. त्या दिवशी आमच्या दाराला अकरा तुकड्यांचं कागदी तोरण असायचं. तुळस, मोर, वेल आणि टाळ. टाळ सगळ्यात अवघड. दोन वाट्या आणि मधे दोरी, ती दोरी गव्हाच्या काडीएवढी. शेवटची दिंडी गेली, धुरळा बसला, की आत्याबाई तोरण उतरवायच्या आणि उसाच्या सरीत पुरायच्या. एका वर्षी मी हळूच एक मोर ट्रंकेत लपवला. त्यांनी तुकडे मोजले आणि नुसता हात पुढं केला. म्हणाल्या, “म्होरल्या वर्षी कापायला काय शिल्लक ठिवशील मग?”

एकदा नातीनं मोबाइलवर चीनमधल्या म्हाताऱ्या बायका दाखवल्या. नव्या वर्षाला लाल कागदाची नक्षी कापून खिडकीला लावतात, आणि पुढच्या वर्षी नवी. 2009 साली युनेस्कोनं त्या कलेला जगाच्या वारशात मान दिला, असंही तिनं वाचून दाखवलं. आत्याबाईंना तोवर काचबिंदूनं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दर साल नवं लावत्यात ना? मग त्यास्नी कळतंय.”

दिसायचं बंद झालं तरी त्या कापायच्या. डाव्या अंगठ्यानं कड चाचपायची आणि उजव्या हातानं कात्री मागोमाग न्यायची. पदर किती आहेत ते कात्रीच्या आवाजावरून सांगायच्या.

2020 साली टाळेबंदी लागली आणि पालखी चालत निघणार नाही असं ठरलं. मी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “कागद आण.”

“आत्याबाई, रस्त्यानं कुणी येणार नाही.”

“न्हाई आलं तर न्हाई. आपलं दार तर हितंच हाय.”

पंच्याऐंशीचं वय. चार दिवस लागले. एक टाळ दोरीपाशी तुटला. मी काही बोलले नाही. रात्री पाठीमागून कागदाची पट्टी खळीनं चिकटवली. सकाळी तोरण ओवताना त्यांनी प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवलं आणि त्या टाळापाशी थांबल्या. “हितं जाड लागतंय.” माझ्या तोंडून शब्द फुटेना. “ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या, “हात तुझाच लागलाय.”

दशमीला पादुका एसटीनं पंढरपूरला निघाल्या, ते आम्ही टीव्हीवर बघितलं. आमच्या दारावरून एक कुत्रं तेवढं गेलं. संध्याकाळी मी स्टूल लावलं तर म्हणाल्या, “पालखी गेली न्हाई, मग उतरवतीस कशी?”

तोरण तसंच राहिलं. मी ते पावसापासून आत, ओसरीच्या आढ्याला बांधलं. फाल्गुनात आत्याबाई गेल्या. 2021 लाही पालखी एसटीनंच गेली. तोरणाचा रंग उडाला, दोन तुकडे उंदरांनी नेले. आलेगेले म्हणायचे, “काढा की आता ते.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं सांगते, ते काढायची वेळच येऊ नये असं मला वाटायचं.

2022 च्या जूनअखेरीला पालखी चालत आली. मी दाराला नवं तोरण बांधलं होतं, अकरा तुकड्यांचं. रथ गेला, दिंड्या गेल्या. टाळांचा आवाज रोटीच्या घाटाकडं दूर गेला. मग मी स्टूल लावलं आणि आधी जुनं उतरवलं, नंतर नवं. चिकटवलेला तो टाळ हातात आला. ट्रंक दोन पावलांवर होती.

दोन्ही तोरणं मी सरीत पुरली. तुकडे मोजले, नऊ आणि अकरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा बंद करून बसले. सून धुणं वाळत घालत होती. हाक मारली, “आगं, हिकडं ये. ह्ये धर जरा.”